हाक पोचेल एवढं लांब

घर बदलताना सामान किती साठलंय ते टेम्पोवाला तोंडावर सांगतो. किस्से किती साठलेत ते कोणीच सांगत नाही. ते कुठल्या खोक्यात भरले गेले कळत नाही, आणि नव्या जागी पहिला चहा हातात आला की आपोआप बाहेर पडायला लागतात! मी आजवर दोनदा जागा शोधली, एकदा जव्हारला आणि एकदा समुद्रावर. दोन्ही वेळा माझ्या पुढे आमची स्टाफरूम चालत होती. म्हणजे जागा माझी, पण किस्से बहुतेक त्यांचेच.

स्टाफरूम म्हणजे माणसं तीनच धरा. मी शुभांगी, इंग्रजीची बाई. पाटकर सर गणिताचे. जव्हारच्या बाजारपेठेत त्यांच्या घरचं किराणा दुकान, त्यामुळे अख्खं गाव त्यांना ओळखतं. आणि गावित सर भूगोलाचे, मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचे. चौथी जानकीमावशी, माझी घरमालकीण. ती शाळेत नोकरीला नाही, पण डबा द्यायच्या निमित्ताने रोज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये हजर असते. आमच्यापैकी कोणाचीही हजेरी इतकी चोख नाही.

* * *

मी मूळची ठाण्याची. टॉवरमध्ये सहाव्या मजल्यावर एकटी राहायची. मला फीट येते, लहानपणापासून. यात लपवायचं काय? गोळ्या चालू असतात, तरी एखादी फीट त्यांना चुकवून येतेच.

एका रविवारी कुकर लावला आणि तिथेच स्वयंपाकघरात पडले. दाराला आतून कडी, वर साखळी, बाहेर सेफ्टी डोअर. शुद्धीवर आले तेव्हा डाळ करपून कोळसा झाली होती आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता: ‘कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या फार होत आहेत. कृपया इतरांचाही विचार करावा.’ खाली अंगठेच अंगठे!

त्या दिवशी ठरवलं, ठाणं सोडायचं. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक समुद्र, कारण तो लहानपणापासून हवा होता. आणि दुसरी, कुकर जास्त वाजला तर दार ठोठावणारी माणसं.

आमच्या संस्थेच्या शाळा बऱ्याच गावांत आहेत. मी बदली मागितली: पालघर जिल्ह्यात कुठेही चालेल. माझ्या डोक्यात पालघर म्हणजे वाळू, सुरूची झाडं, संध्याकाळी भेळ. ऑर्डर हातात पडली ती जव्हारची! मी ऑफिसात फोन केला, “अहो, मला समुद्र हवा होता!”

पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मॅडम, जिल्हा तोच आहे.”

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये हे रडगाणं गायले. गावित सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका मॅडम. भूगोलात गावाची उंची समुद्रापासूनच मोजतात. त्या हिशेबाने आपण समुद्राच्या वरच आहोत!”

* * *

मग प्रश्न आला, राहायचं कुठे? कुठला एरिया चांगला?

पाटकर सरांचं एकच माप. “मॅडम, ऊन-वारा-शेजार सगळं नंतर. आधी विचारा, मे महिन्यात नळाला पाणी येतं का?” मोखाडा-जव्हारकडे पाऊस असा पडतो की छत्रीलाही छत्री लागावी, आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरात हंडे रांगेला लागतात. त्यामुळे त्यांचं म्हणणं मी वहीत नाही तरी मनात लिहून घेतलं.

गावित सरांचं माप वेगळं. मी फीटचं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग सोपं आहे. आमच्या पाड्यावर नवीन घर बांधताना एकच बघतात, शेजारच्या ओट्यावर हाक पोचली पाहिजे. हाक पोचेल एवढंच लांब जायचं. चला, हाका मारून बघू!”

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण शनिवारी शाळा सुटल्यावर आमची वरात खरोखरच निघाली. पहिला एक बंगला, वरचा मजला, संगमरवरी फरशी. मला आत कोंडून दोघं रस्त्यावर उभे राहिले. “ओरडा!”

“काय ओरडू?”

“काहीही! पण मनापासून.”

आता मास्तरीण मनापासून काय ओरडणार? छातीत हवा भरली आणि ओरडले, “सायलेन्स!”

काही झालं नाही. समोरच्या घरातून टीव्हीचा आवाज जरा मोठा करण्यात आला, एवढंच. पाटकर सर म्हणाले, “नापास.” असे तीन-चार एरिया नापास झाले आणि माझा घसा बसला.

शेवटी शिरपामाळच्या वाटेला एक छोटी आळी होती, तिथे गेलो. कौलारू घराला जोडून एक खोली. मी आत गेले, दार लावलं आणि फाटक्या आवाजात ओरडले, “सायलेन्स!”

अख्खी आळी गप्प झाली! वर्गात या शब्दाने आजवर असं कधी झालं नव्हतं. पुढच्या क्षणी दार धाडकन उघडलं. एक बाई हातात काठी घेऊन उभी, तिच्या मागे एक ओल्या हातांची, तिच्या मागे पोळपाट-लाटणं घेतलेली.

“कठं हाय साप?” काठीवाली बाई कडाडली.

गावित सर रस्त्यावरून हसत हसत ओरडले, “साप नाय मावशी, भाडोत्री हाय!”

काठीवाली ती जानकीमावशी. मी तिथेच सामान उतरवलं.

* * *

मावशीने माझी चौकशी अशी केलीच नाही. लग्न का नाही केलं, पगार किती, मटण खातेस का, काही नाही. मी होऊन फीटचं सांगितलं. तिने विचारलं, “मग कांदा हुंगायला द्यायचा?”

“नको.”

“चप्पल?”

“चप्पलही नको! तोंडात काही घालायचं नाही, धरून ठेवायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, आणि किती वेळ चाललंय ते घड्याळात बघायचं. बस.”

“एवढंच?” मावशी म्हणाली. “मग येवढ्यासाठी एकटी राहत होतीस होय, बाय?”

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या दाराची आतली कडी गायब! तिथे नुसत्या भोकांत नाडी ओवलेली. मी म्हटलं, “मावशी, कडी कुठे गेली?” ती म्हणाली, “काढली. वारा येऊ नये म्हणून नाडी बांधलीय. माणूस येऊ नये म्हणून काय करायचं कडीचं?”

* * *

त्यानंतर मावशीने आळीतल्या सगळ्या बायकांना प्रशिक्षण दिलं. सरकारी प्रशिक्षणात असतं तसं चहा-बिस्कीट नव्हतं, पण हजेरी पूर्ण होती. उत्साह दांडगा, फक्त पेशंट मिळेना. कारण मला फीट येईना!

एका रविवारी पाटकर सर दुकानातून माझं सामान पोचवायला आले. मावशीने त्यांना जेवायला बसवलं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, वर लसणाची चटणी. सर ओट्यावर जरा टेकले आणि तिथेच आडवे होऊन घोरायला लागले. सरांचं घोरणं सरळ रेषेत नसतं. मधे थांबतं, अडखळतं, मग एकदम उसळतं.

मी आत भांडी लावत होते. बाहेर आले तर सर डाव्या कुशीवर, डोक्याखाली माझी उशी, शर्टाचं वरचं बटण उघडलेलं, चष्मा बाजूला आणि भोवती सगळी आळी! एकीच्या हातात मोबाईल, डोळे घड्याळावर.

सरांनी डोळे उघडले. एवढ्या बायका पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “मावशी, मला काही झालंय का?”

मावशीने त्यांचा खांदा दाबून धरला. “गप पड! आथा कुठं घड्याळ लावलंय!”

* * *

खरी फीट आली ती श्रावणात, भर दुपारी, दोरीवर कपडे टाकताना. त्यातलं मला काहीच आठवत नाही, नंतरचं आठवतं. मी कुशीवर होते. डोक्याखाली कोणाची तरी घडी केलेली साडी होती. कोणी रडत नव्हतं, कोणी देवाचं नाव घेत नव्हतं, कोणाच्या हातात चप्पल नव्हती. माझे कपडे दोरीवर टाकून झाले होते. कोणीतरी उरलेले वाळत घातले होते, आणि तेही माझ्यापेक्षा नीट.

मावशी जवळ बसली होती. म्हणाली, “आलीस? बस जरा. तुझा चहा निवला, दुसरा टाकते.”

ठाण्यात फीट येऊन गेली की मला आधी लाज वाटायची. जव्हारला त्या दिवशी पहिल्यांदा नुसती भूक लागली. मावशीने दिलेल्या चहात मी चार बटर बुडवून खाल्ले आणि खूप वेळ तिथेच बसून राहिले. ही माणसं मला किती आवडतात ते त्या दिवशी मी त्यांना सांगायला हवं होतं, पण तोंडात बटर होतं.

* * *

आणि अशा वेळी, मी समुद्र जवळजवळ विसरलेली असताना, समुद्राकाठच्या शाळेत जागा निघाली! गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक वाचतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं होतं.

मला वाटलं, स्टाफरूम नाराज होईल. गावित सर म्हणाले, “जा मॅडम. मी आयुष्यभर समुद्र शिकवला, एकदा तरी आपल्या माणसाचं घर तिथे असू दे.” पाटकर सर म्हणाले, “समुद्राला पाणी भरपूर, पण नळाचं विचारा.” मावशी भाकरी थापत होती. तिने वर न बघता सांगितलं, “जायला नाय कोण म्हणतं? पण मी हेरल्याबिगर जागा घ्यायची नाय.”

मग काय! पाटकर सरांच्या चुलतभावाची जीप काढली आणि आम्ही चौघं घाट उतरलो. मावशीने सोबत भाकऱ्या आणि पाण्याचा कॅन घेतला होता. खालच्या पाण्यावर तिचा विश्वास नाही.

पहिल्यांदा एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये गेलो. एजंट गॉगल लावून उभा. “मॅडम, सी-व्ह्यू फ्लॅट आहे!” आम्ही हॉल पाहिला, बेडरूम पाहिली, समुद्र कुठेच नाही. एजंटने आम्हाला बाथरूममध्ये नेलं, स्टूल ठेवलं आणि म्हणाला, “या खिडकीतून!” मावशी पदर खोचून स्टुलावर चढली.

“दिसला का?” आम्ही खालून विचारलं.

“दिसला. आणि खाली टँकर उभा हाय, तोपन दिसला!” खरंच, तिथलं बोअरचं पाणी खारं, म्हणून सोसायटीला टँकर लागायचा. मावशी उतरली आणि एजंटला म्हणाली, “भावा, वरनं समुद्र हेरायचा नि खालनं टँकरची वाट हेरायची, मग आमच्या मोखाड्यानं काय घोडं मारलं?”

एजंट हार मानेना. “काकी, इथली प्रायव्हसी बघा ना! शेजारी कोण राहतं, वर्षानुवर्षं कळत नाही!”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पाटकर सर जिन्याकडे वळत म्हणाले, “हे आमच्या मॅडमना ठाण्यात फुकट मिळत होतं.”

* * *

पुढचा एरिया अगदी किनाऱ्याला लागून. टुमदार घरं, अंगणात नारळ, गोड्या पाण्याची विहीर. पाटकर सर विहिरीत डोकावून खूश झाले. मलाही मोह पडला. सगळं हवं तसं होतं, फक्त हाक बाकी होती.

या वेळी गावित सर स्वतः आत गेले. आम्ही शेजारच्या फाटकाशी उभे राहिलो. थांबलो. पुन्हा थांबलो. शेवटी सर बाहेर आले, चेहरा लालबुंद. “ऐकू आलं?”

“तुम्ही ओरडलात?”

सर चक्रावले. आयुष्यभर डोंगरात हाका मारलेला माणूस! तिकडे हाक मारली की समोरचा डोंगर ती उचलून पुढे देतो. इथे लाटांचा घोष चालू होता आणि हाक फाटकापर्यंतही पोचत नव्हती. सर वाळूत उकिडवे बसले, समुद्राकडे पाहत राहिले आणि हताश होऊन म्हणाले, “मॅडम, हा मध्ये मध्ये बोलतो.”

मावशीने मला कोपर मारलं. “बाय, त्याला तुझं ते सायलेन सांग ना!”

मी पण काय कमी! समुद्राकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले आणि ओरडले, “सायलेन्स!”

पाटकर सर आजही शपथेवर सांगतात, एक लाट थबकली होती.

* * *

दुपार झाली. भूक लागली. परत फिरायच्या बेतात असताना मासेमारांची एक आळी लागली. घरं एकमेकांना टेकलेली, मधे बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. एका घरापुढे ‘खोली भाड्याने’ लिहिलं होतं. घरमालकीण हिरूताई समोरच मासळी निवडत बसली होती. म्हणाली, “आत जाऊन बघा, दार उघडंच हाय.”

गावित सर थकले होते, तरी कर्तव्य म्हणून आत गेले. मागच्या खोलीतून कशीबशी एक हाक आली, “ओऽऽऽ!”

हिरूताई हातातली मासळी न सोडता गरजली, “बोंबलतोस कशाला रं? भूक लागली तर पुढं ये ना!” आळीच्या टोकाकडून दुसरी ओरडली, “कोणाला भूक लागली?” तिसरीने ताटच आणलं. समुद्रावर राहणाऱ्या बायकांना लाटांवरून ऐकायची आणि लाटांवरून बोलायची सवय असते, हे आमच्या भूगोलाच्या पुस्तकात नाही.

जेवणं झाली. मग मावशी हिरूताईसमोर मांडी ठोकून बसली. एकीला मासळीची सवय, एकीला नागलीची. बोलीही वेगळी. पण दोघींचं असं जुळलं की आम्ही तिघं बिनकामाचे झालो. मावशीने कडीचं विचारलं. हिरूताई म्हणाली, “दिवसभर टोपल्या आत-बाहेर. कडी लावायला फुरसत कोणाला?” मावशीने पाण्याचं विचारलं. मग माझं सांगितलं, सगळं, अगदी चपलेपर्यंत.

हिरूताईने लक्ष देऊन ऐकलं. “मंग नेमकं कसं वळवायचं? हातानं दावा.”

मावशीने मागे वळून पाहिलं. “पाटकर!”

पाटकर सरांनी निमूटपणे चष्मा काढून गावित सरांकडे दिला, शर्टाचं वरचं बटण उघडलं आणि आपणहून डावी कूस घेतली.

* * *

आता हिरूताईच्या खोलीत राहते. खिडकीतून समुद्र दिसतो, स्टूल लागत नाही.

परवा गावित सरांचा फोन आला. आमच्या डोंगरात दिवाळी झाली, भात झोडून झालं की माणसं पोराबाळांना घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर निघतात. त्याला तिकडे ‘जगायला जाणं’ म्हणतात. जगायला जाणं म्हणजे गाव सोडणं नव्हे. तशा घराला कोणी कुलूप लावत नाही. दाराला एक काठी आडवी लावून ठेवतात, शेजारीण अधूनमधून ओटा सारवते, आणि पावसाच्या आधी माणूस परत येतं. ते घर रिकामं आहे असं कोणी म्हणत नाही.

तर माझ्या जागेवर डोंबिवलीहून एक नवीन मॅडम आल्या. गावित सर त्यांना घेऊन मावशीकडे गेले. माझ्या खोलीचा ओटा ताजा सारवलेला, दाराला काठी आडवी.

सर म्हणाले, “मावशी, ह्या मॅडमना खोली पाहिजे.”

“राहू दे ना. माझ्या घरात राहील, माझ्याजवळ.”

“तुमच्या घरात कशाला? ही खोली रिकामीच आहे की.”

“रिकामी कुठं हाय?” मावशी म्हणाली. “पोर खाली जगायला गेलीय.”

सरांनी समजावलं, “मावशी, शुभांगी मॅडमची कायमची बदली झालीय. पक्की ऑर्डर आहे.”

मावशीने नव्या मॅडमची बॅग उचलून आपल्या घरात ठेवली, परत बाहेर आली आणि दारावरची काठी जराशी कलली होती ती सरळ केली.

“असंल ऑर्डर,” ती म्हणाली. “पावसाच्या आधी येल ती.”